स्वशिक्षित चित्रकाराचे व्यक्तिचित्र कसे पाहावे?

प्रश्न : कलाशाळेत न गेलेल्या चित्रकाराच्या जुन्या व्यक्तिचित्रात काय पाहावे? (एक वाचक, बाजारकुणंग, ता. जोयडा)

उत्तर : चित्रकाराची नजर कुठे घडली, हे आधी पाहावे. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री तथा बाबूराव पेंटर (1890–1954) कलाशाळेत शिकले नाहीत. घर कारागिरांचे. चुलतभाऊ आनंदरावांसोबत त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. पडद्यावरचा महाल शेवटच्या रांगेतूनही खोल दिसावा लागतो. छायाप्रकाशाची ही जाण त्यांच्या तैलचित्रांनाही उपयोगी पडली. स्वशिक्षित म्हणजे कच्चा, ही समजूत इथेच गळून पडते.

अमेरिकेत गावोगाव फिरून चित्रे काढणाऱ्या अमी फिलिप्सची (1788–1865) वाट निराळी. लाल झग्यातल्या मुलीचे त्याचे चित्र 1830 नंतरच्या काही वर्षांतले. मांडीवर पांढरी मांजर, पायाशी कुत्रा. झग्यावर सावली जवळजवळ नाहीच, लाल रंगाचा एक सलग, ठाम आकार तेवढा दिसतो. इथे शरीररचनेच्या चुका मोजत बसणे अन्यायाचे आहे. आकारांचा तोल, मोकळी पार्श्वभूमी आणि रंगाची धिटाई हेच या चित्राचे बळ. तिथलाच चित्रकार विल्यम मॅथ्यू प्रायर तर बिनछायेचे चित्र मुद्दाम कमी दरात काढून देई. तेव्हा सपाटपणामागे व्यवहारही असे.

घरातल्या चित्रात कुंचला कुठे रेंगाळला आहे, चेहऱ्यावर, हातांवर की दागिन्यांवर, ते न्याहाळावे. मागची सही, तारीख जपावी. ओले फडके लावू नये. जोयड्याच्या पावसात ओल धरणाऱ्या भिंतीवर चित्र टांगू नये.