इलेक्ट्रॉनिक्स मिळतंय, घ्यावं का?

सीईटीचा निकाल लागला की दादर-परळच्या घराघरांत हा वाद सुरू होतो. चांगल्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स मिळतंय आणि लांबच्या, फारसं नाव नसलेल्या कॉलेजात कॉम्प्युटर. मामा, शेजारी, क्लासचे सर, सगळ्यांचा सल्ला एकच: कॉम्प्युटरच घे. पालक ऑप्शन फॉर्मचा क्रम बदलतात, रात्री पुन्हा बदलतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. मुलाला किंवा मुलीला फिजिक्स मनापासून आवडत असेल, तर चांगल्या कॉलेजातलं इलेक्ट्रॉनिक्स सोडू नका.

पालकांची भीती खोटी नाही. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर लालबाग-परळमधल्या हजारो घरांचं काय झालं, हे तिथल्या आजच्या आई-वडिलांनी लहानपणी पाहिलं आहे किंवा रोज ऐकलं आहे. एक अख्खा उद्योग डोळ्यांदेखत गेलेलं घर मुलांसाठी सर्वांत सुरक्षित वाट शोधणारच. म्हणूनच ही वाट नेमकी कुठे जाते, ते नीट समजून घ्यायला हवं.

चिप म्हटलं की लोकांना कारखाना आठवतो. टाटांचा धोलेऱ्याचा 91,000 कोटींचा प्रकल्प, साणंदची मायक्रॉन, आसामात जागीरोडचा प्रकल्प. मग प्रश्न येतो, 'हे सगळं तिकडे, आमच्या मुलाचं इथे काय?' पण चिप कारखान्यात पोचते तेव्हा तिच्यातलं डोकं लावण्याचं बरंचसं काम संपलेलं असतं. शोध लागतात ते त्याआधी, आणि मुख्यतः दोन जागी: सिलिकॉनच्या तुकड्यातून वीज कशी वाहावी हे ठरवणाऱ्या प्रयोगशाळेत, आणि कोट्यवधी ट्रान्झिस्टर एकमेकांना कसे जोडावेत हे ठरवणाऱ्या डिझाइनरच्या टेबलावर.

पहिल्या प्रकारचा शोध तुम्ही रोज वापरता. जुन्या लोकल डीसी मोटरवर धावायच्या आणि गाडी सुटताना बरीच वीज रेझिस्टन्समध्ये उष्णता होऊन वाया जायची. 2007 पासून आलेल्या नव्या गाड्यांत थ्री-फेज एसी मोटर आहेत. त्यांना हवी तशी, हव्या त्या वारंवारतेची वीज पुरवायचं काम आयजीबीटी नावाचा सेमीकंडक्टर स्विच करतो. तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतो. ब्रेक लागला की मोटरच वीज तयार करते आणि ती वरच्या तारेत परत जाते.

आयजीबीटी घडवला जयंत बालिगा यांनी. मद्रासला जन्म, बंगळूरला बालपण, 1969 साली आयआयटी मद्रासची पदवी, मग अमेरिकेत पीएचडी आणि जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत नोकरी. त्या वेळची अडचण अशी होती, की बायपोलर ट्रान्झिस्टर मोठा करंट पेलायचा, पण त्याला हुकमात ठेवायलाही भरपूर करंट लागायचा. मॉसफेट हा दुसऱ्या जातीचा ट्रान्झिस्टर नुसत्या व्होल्टेजवर सहज चालू-बंद व्हायचा, पण जास्त व्होल्टेजला त्याचा रोध फार वाढायचा. बालिगांनी 1980 च्या सुमारास दोघांचे गुण सिलिकॉनच्या एकाच तुकड्यात एकत्र आणले. आज इन्व्हर्टर एसी, इंडक्शन शेगडी, विजेवरच्या गाड्या, सौर ऊर्जा अशा कितीतरी ठिकाणी तो आहे. 120 हून अधिक अमेरिकी पेटंटं त्यांच्या नावावर आहेत, आणि 2024 चा फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार त्यांना मिळाला. हे सगळं उभं आहे ते इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मुलं 'स्कोअरिंग नाही' म्हणून कशीबशी उरकतात त्या विषयावर. त्याचं नाव सेमीकंडक्टर डिव्हाइसेस.

दुसऱ्या प्रकारासाठी सुहास पाटील यांचं उदाहरण घ्या. जमशेदपूरला जन्मलेले पाटील आयआयटी खरगपूर आणि एमआयटीत शिकले, युटा विद्यापीठात शिकवू लागले. चिपचा आराखडा हातानं रेखाटण्यात महिनोन् महिने जायचे त्या काळात, स्मृती आणि लॉजिक एकाच नियमित जाळीत बसवायची पद्धत त्यांनी शोधली. तिच्या जोरावर 1981 साली त्यांनी कंपनी काढली. पुढे ती सिलिकॉन व्हॅलीत सिरस लॉजिक या नावानं वाढली. सुरुवातीला तिच्याकडे स्वतःचा चिप कारखाना नव्हता. चिपच्या धंद्यात डिझाइन ही स्वतंत्र कमाईची विद्या आहे, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मी पालकांना देऊ शकत नाही.

आराखड्याबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण याच्याशी जोडलेलं एक करिअर आपल्याकडे फारसं कोणी सुचवत नाही. कापडावर एकेका रंगाचा वेगळा साचा ठेवून छपाई होते, तसे चिपचे थर एकेका मास्कनं सिलिकॉनवर उतरवले जातात. या थरांच्या मांडणीची नक्कल होऊ नये म्हणून भारतात 2000 साली स्वतंत्र कायदा झाला. नोंदणी केलेल्या मांडणीला 10 वर्षं संरक्षण मिळतं. नव्या डिव्हाइसला किंवा सर्किटला पेटंट मिळतं, ते 20 वर्षांचं. मुंबईचं पेटंट कार्यालय एके काळी लोअर परळला सन मिल कंपाउंडमध्ये होतं. आता ते अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आहे, म्हणजे दादरहून काही मिनिटांवर. विज्ञान, इंजिनिअरिंग किंवा तंत्रज्ञानाची पदवी असलेल्या, वयाची 21 वर्षं पूर्ण केलेल्या भारतीय नागरिकाला पेटंट एजंटची परीक्षा देता येते, कायद्याची पदवी लागत नाही. सर्किट वाचता येणारा आणि नेमकं लिहिता येणारा माणूस या क्षेत्रात हवाच असतो. रुईया, रुपारेल, कीर्ती किंवा विल्सनमधून फिजिक्स घेऊन बीएस्सी करणाऱ्यांनीही ही वाट जरूर पाहावी.

नोकऱ्यांचं काय? नव्या मुलांना सर्वांत जास्त काम मिळतं ते व्हेरिफिकेशनमध्ये. सॉफ्टवेअरमधली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. चिप छापून आल्यावर चूक सापडली तर मास्क नव्यानं करावे लागतात, महिने आणि कोट्यवधी रुपये जातात. म्हणून चिप कारखान्यात पाठवण्याआधी ती तपासणाऱ्यांची फौज लागते. इथे व्हेरिलॉग ही चिप आखण्याची भाषा आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही लागतं, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलानं कोडिंग सोडून चालणार नाही. डिप्लोमाची मुलं लेआउट, टेस्टिंग आणि पॅकेजिंगकडे जाऊ शकतात. एआयसीटीईनं 2023 मध्ये चिपनिर्मितीच्या डिप्लोमाचा अभ्यासक्रमही आखून दिला आहे.

अडचणीही सांगतो. चिप डिझाइनच्या बहुतेक नोकऱ्या बंगळूर, हैदराबाद, नोएडा आणि काही पुण्यात आहेत. मुंबईत कमी. घर सोडावं लागेल, आणि मुलगी असेल तर तिलाही पाठवायची तयारी आजच ठेवा. डिव्हाइस किंवा अ‍ॅनालॉगमध्ये खरं काम करायचं तर बहुधा गेटची परीक्षा देऊन एमटेक करावं लागतं, म्हणजे स्थिरावायला दोन वर्षं जास्त. हा उद्योग तेजी-मंदीतून जातो. आणि 'हमखास प्लेसमेंट' सांगून लाखभर फी घेणारे क्लास आता चिपच्या नावानंही निघाले आहेत. पहिल्या वर्षी त्यांच्या दारात जाऊ नका.

त्याऐवजी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा. दहा-वीस रुपयांत 555 टायमर मिळतो. 1971 साली हान्स कामेनझिंड या एकट्या इंजिनिअरनं कंत्राटावर आखलेली ही चिप, आत जेमतेम पंचविसेक ट्रान्झिस्टर. ब्रेडबोर्डवर दिवा लुकलुकता करा आणि मग आत काय चाललंय ते कागदावर काढा. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ई-सिम हे सर्किट डिझाइनचं सॉफ्टवेअर फुकट आहे. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स आणि सी चे धडे मराठीतून ऐकायला मिळतात. सिलिकॉनवर चिप कशी घडते हे प्रा. अरुण चांदोरकर यांनी एनपीटीईएलच्या ऑनलाइन वर्गात सविस्तर शिकवलं आहे. प्रा. माधव देसाई आणि सहकाऱ्यांनी पवईत आखलेला 'अजित' हा मायक्रोप्रोसेसर मोहालीच्या सरकारी कारखान्यात 180 नॅनोमीटर तंत्रानं बनला आणि 2019 मध्ये जगासमोर आला. आखणी पवईत, छपाई मोहालीत. मुंबईत बसून हे होतं.

माटुंग्याचं व्हीजेटीआय 1887 साली भायखळ्यात सुरू झालं, ते गिरण्यांना तंत्र जाणणारी माणसं हवी होती म्हणून. गिरण्या गेल्या, संस्था टिकली, कारण ती काळाबरोबर नवे विषय शिकवत राहिली. तिथे किंवा तिच्या तोडीच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स मिळत असेल, तर फॉर्म भरण्याआधी मुलाला एक संध्याकाळ द्या. शेजाऱ्यांचं मत बाजूला ठेवा, त्याला बारावीच्या फिजिक्सचं सेमीकंडक्टरचं प्रकरण उघडून समजावून सांगायला लावा. तो रंगून सांगत असेल, तर इलेक्ट्रॉनिक्स वर टाका. कंटाळला, तर कॉम्प्युटर घेऊ द्या आणि त्याबद्दल मनात काही ठेवू नका.