वादळानंतरचा हिशोब : इयत्ता चौथी-पाचवीसाठी परिसर अभ्यास व गणित यांचा संयुक्त पाठ

आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील शाळांत नैसर्गिक आपत्तींचा घटक शिकविला जातो, तेव्हा वादळ कसे उत्पन्न होते आणि इशारा मिळाल्यावर काय करावे, एवढ्यावर पाठ बहुधा संपतो. ही माहिती आवश्यक आहे आणि ती चांगली शिकविली जाते, हे मी शाळाभेटींत पाहतो. परंतु वादळ ओसरल्यावर मोडलेले घर पुन्हा कसे उभे राहते, त्यास साहाय्य मिळते ते कोणत्या मापाने मोजून मिळते, आणि ते माप सर्वांना सारखेच लागू पडते काय, हे प्रश्न वर्गात क्वचितच निघतात. किनाऱ्यावरच्या मुलाच्या आयुष्याशी त्यांचाच संबंध अधिक. प्रस्तुत पाठ त्यासाठी योजिला आहे. यास तीन-चार तासिका लागतील. घाई करू नये.

प्रथम शिक्षकांनी स्वतःच्या माहितीसाठी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस आपल्या किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरांच्या वर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यातील आणि पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड-दापोलीकडील नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. करोनाच्या साथीमुळे गावोगावची बाजारपेठ तशीही बंदच होती. याच्या अगोदर २००९ च्या नोव्हेंबरात 'फयान' येऊन गेले होते. पुढच्याच वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात, 'तौक्ते' किनाऱ्याला घासून गुजराथकडे गेले. अरबी समुद्राचे पाणी तापत चालले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० या काळाच्या मानाने २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्र तापण्यामागे जगभर जाळला जाणारा कोळसा व तेल आहे. हे मुलांना सांगावे आणि मग एवढेच विचारावे की आपल्या वाडीत, आपल्या आळीत, असे इंधन किती जळते? उत्तर मुलेच देतील. मोठे भाषण करण्याचे कारण नाही.

आता मुख्य पाठ. पहिल्या दिवशी मुलांना मैदानावर न्यावे. सुंभ व फक्की घेऊन ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद चौकोन आखावा. हा एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर होतो. हेक्टर म्हणजे जवळजवळ ९९ गुंठे. हेक्टर मैदानावर आखता येणार नाही, कारण आपल्या बहुतेक शाळांना तेवढी जागाच नाही. आणि ही अडचणच मुलांना बरेच शिकवून जाते. घरची वाडी किती गुंठ्यांची, हे बहुतेकांना ठाऊक असते. ती हेक्टरात किती, हे कोणालाच ठाऊक नसते, कारण आमच्याकडे वाडी हेक्टरात कोणी बोलतच नाही.

दुसऱ्या दिवशी हिशोब मांडावा. 'निसर्ग' वादळानंतर शासनाने बागायतीच्या साहाय्याचा नेहमीचा हेक्टरी १८,००० रुपयांचा दर वाढवून तो हेक्टरी ५०,००० रुपये केला. मर्यादा २ हेक्टरांची ठेवली. ऐकावयास ही रक्कम मोठी वाटते, आणि मोठ्या बागेच्या धन्याला ती उपयोगी पडलीही असेल. परंतु तिला ९९ ने भागले की गुंठ्यास सुमारे ५०५ रुपये येतात. पाच गुंठ्यांच्या वाडीला २,५२५ रुपये. हा भागाकार मुलांकडूनच करवून घ्यावा. शिक्षकांनी उत्तर आधी सांगू नये. त्यानंतर मुलांनी घरून एक माहिती विचारून आणावी : पडलेली एक पोफळ तोडून, तुकडे करून वाडीबाहेर काढावयास किती मजुरी पडते? आणलेला आकडा फळ्यावर लिहून पाच गुंठ्यांची वाडी साफ करण्याचा खर्च काढावा व तो २,५२५ च्या शेजारी मांडावा.

या दराविषयी किनाऱ्यावर तक्रार झाली आणि पुढे शासनाने झाडागणिक मोजणी मान्य केली : नारळास २५० रुपये व सुपारीस ५० रुपये. मोजण्याचे माप लोकांच्या सांगण्यावरून बदलता येते, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. मग दोन्ही मापांची तुलना करावी. कृषिपुस्तकांत सुपारीच्या दोन झाडांमधील अंतर २.७ मीटर दिलेले असते; त्या हिशोबाने हेक्टरी सुमारे १,३७० आणि पाच गुंठ्यांत ६९ झाडे बसतात. ६९ गुणिले ५० म्हणजे ३,४५० रुपये. नारळ ७.५ मीटरांवर लावला तर हेक्टरी सुमारे १७७ झाडे, म्हणजे ४४,२५० रुपये. हे तर आधीच्या दरापेक्षाही कमी भरते! आपल्याकडील जुन्या वाड्या पुस्तकाप्रमाणे लावलेल्या नाहीत. नारळाखाली पोफळ, पोफळीवर मिरवेल, मध्ये जायफळ, कडेला केळ, अशी दाट वस्ती असते. तेव्हा मुलांनी एखाद्या खऱ्या गुंठ्यातील झाडे मोजून आणावीत आणि दोन्ही मापांनी हिशोब करून पाहावा. पाचवीच्या मुलांना याहून चांगले उदाहरण गणिताच्या पुस्तकात सापडणार नाही.

येथे वेळ हा तिसरा घटक आणावा. सुपारीचे रोप लावल्यापासून फळ धरण्यास सहा-सात वर्षे लागतात. आज चौथी-पाचवीत असलेली मुले वादळाच्या वेळी अंगणवाडीच्या वयाची होती; त्या पावसाळ्यानंतर लावलेल्या पोफळी आता कोठे फुलोऱ्यावर येत आहेत. पन्नास रुपये सात वर्षांत वाटले तर वर्षाला सात रुपये पडतात. शिवाय सुपारीचे कोवळे रोप कडक उन्हात करपते, त्याला सावली लागते, आणि सावली देणारी झाडेही त्याच वादळाने नेली. धान्य बुडाले तर पुढील हंगामात पुन्हा पेरता येते. वाडी बुडाली तर घराची सात वर्षे बुडतात. हेक्टरी दराच्या कोष्टकात हा फरक पुरेसा उतरत नाही, असे माझे मत आहे.

एका शाळेत हा पाठ चालू असता मी मागे बसलो होतो. बाईंनी प्रत्येकास आपल्या घरच्या झाडांची संख्या लिहावयास सांगितली. पाचवीतील एका मुलीने पाटी कोरीच ठेवली आणि विचारले, "बाई, माझे बाबा रोज चाळीस झाडांवर चढायचे. आमचं एकही नाही. ती कुठे लिहू?" तिचे वडील पाडेली होते. बाई क्षणभर थांबल्या आणि मग त्यांनी फळ्यावर एक नवा स्तंभ आखला. त्याला नाव काय द्यावे यावर वर्गात बराच वेळ चर्चा झाली व अखेर 'झाडावर जगणारे' असे नाव ठरले.

हा स्तंभ या पाठाचा गाभा आहे. एका सुपारीचा प्रवास फळ्यावर काढावा. पाडेली एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झोके घेत शिपटी उतरवितो. खाली बायका ती गोळा करतात. कोणी वाळत घालते, कोणी सोलते. गळलेल्या विरी नेऊन कोणी त्यांच्या पत्रावळी करते. कोणी वाडी खंडाने घेतलेली असते. शेवटी टेम्पोवाला माल पेठेत नेतो. झाड पडले की या सर्वांची रोजी पडते. पंचनाम्यात मात्र सात-बाराच्या उताऱ्यावर ज्याचे नाव, त्याचीच झाडे. पंचनामे करणाऱ्या तलाठ्यांना, ग्रामसेवकांना व कृषी सहायकांना यात दोष देणे योग्य होणार नाही. रस्ते बंद, वीज नाही, अशा दिवसांत ते वाड्यावाड्यांतून हिंडले. त्यांच्या हाती जे माप दिले होते त्याने त्यांनी मोजले. प्रश्न मापाचा आहे.

उताऱ्यावर नाव असूनही अडणारे लोक आहेत, हे आपल्या कोकणचे वैशिष्ट्य. आजोबांच्या नावची सामाईक वाडी, वारस वीस, त्यांपैकी पंधरा मुंबईस, दोघांचा पत्ता नाही. वाडी शिंपणारी मात्र गावातली एकटी विधवा सून. साहाय्याची रक्कम मिळावी तर इतरांची संमतिपत्रे हवीत. वरच्या वर्गांत सात-बाराचा एखादा नमुना (खरा नव्हे, शिक्षकांनी स्वतः तयार केलेला) फळ्यावर काढून त्यातील रकाने वाचावयास शिकविले तर ते शिक्षण मुले घरी नेतील. वारसनोंद वेळेवर का करावी, हे पालकसभेत दहा वेळा सांगूनही जे होत नाही, ते मुलाने घरी विचारलेल्या एका प्रश्नाने कधी कधी होते.

मोठ्या मुलांना एक तुलनाही दाखवावी. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात सरकारी कामे निघाली, तेव्हा खडी फोडणाऱ्याला कोणी सात-बारा विचारला नाही. जो कामावर आला त्याला केलेल्या कामाची मजुरी मिळाली. त्या अनुभवातून पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. दुष्काळात घामाचे मोल धरले गेले; वादळाच्या साहाय्यात मुख्यतः मालकीचे धरले जाते. वाडीतील पडलेली झाडे काढणे, विहिरींचा गाळ उपसणे, रोपे तयार करणे, ही कामे मजुरीवर काढून पाडेल्याला व सोलणाऱ्या बाईला पहिल्या पावसाळ्यात हातात पैसा देता येईल काय, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. मासेमारांच्या आळीतील शाळांनी सुपारीच्या जागी होडी घ्यावी : होडीचा धनी, तिच्यावर जाणारे खलाशी, मासळी विकणाऱ्या व सुकविणाऱ्या बायका. स्तंभ तोच राहतो.

एक सूचना मात्र कटाक्षाने पाळावी. कोणाच्या घरी किती नुकसान झाले व किती रक्कम मिळाली, हे वर्गात नाव घेऊन विचारू नये. गावात या रकमांवरून भाऊबंदकी झालेली असते आणि तिचे पडसाद शाळेत उमटणे बरे नव्हे. हिशोबाची सर्व उदाहरणे काल्पनिक कुटुंबाची घ्यावीत. तसेच वादळाच्या आठवणी लिहावयास लावताना, ज्यास लिहावयाचे नसेल त्याला चित्र काढू द्यावे किंवा नुसते बसू द्यावे.

पाठाला जोडून शाळेत सुपारीची लहान रोपवाटिका करावी. जुन्या, भरपूर धरणाऱ्या झाडाची पूर्ण पिकलेली फळे सालीसकट घ्यावीत; गावात सहसा श्रीवर्धनी जातीचीच मिळतील, आणि श्रीवर्धनचे सुपारी संशोधन केंद्र जवळ असलेल्या शाळांनी तेथे जाऊन पाहून यावे. सावलीतील वाळूच्या वाफ्यात, देठाची बाजू वर ठेवून बी लावावे व ओलावा टिकवावा. दीड महिन्यात कोंब दिसू लागतो. दोन पाने आली की रोप पिशवीत न्यावे. वाडीत लावण्याजोगे होण्यास वर्ष-दीड वर्ष लागते.

रोपे कोणास द्यावयाची, हे मुलांनी ठरवावे. प्रत्येक घरास सारखी द्यावीत, ज्याची झाडे अधिक पडली त्यास अधिक द्यावीत, की ज्याला वाडीच नाही अशा पाडेल्याच्या परड्यात पहिली दोन लावावीत? शिक्षकांनी आपले मत सांगू नये. मुलांची मते नावाशिवाय एका वहीत लिहून ठेवावीत. रोपे वाढेपर्यंत मते बदलतात. बदललेली मते खोडू नयेत, खाली तारीख घालून नवी लिहावीत. रोपे नेण्याच्या दिवशी घरी सावलीची सोय आहे काय, एवढे प्रत्येकास विचारून घ्यावे, आणि शाळेच्या परसात केळी असल्यास रोपासोबत केळीचा एकेक मुनवाही द्यावा.