गडकऱ्यांचा उठाव आणि परकी फौज

"अण्णा, परकी फौज एखाद्या मुलखात शिरली म्हणजे तेथे स्वास्थ्य नांदते की दहशत वाढते?"

"सरसकट सांगता येणार नाही, पण आपल्या करवीर संस्थानाचाच दाखला घे. शहाजी ऊर्फ बावासाहेब महाराजांच्या स्वाऱ्यांनी कागलकडचा मुलूख जेरीस आला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच निमित्ताने कंपनी सरकारने 1826 ते 1829 या अवधीत तहामागून तह लादून संस्थानच्या फौजेवर मर्यादा घातली, आणि 1838 साली महाराज निवर्तल्यावर, वारस अल्पवयीन आहेत असे पाहून, पुढे दाजी कृष्ण पंडित यांस कारभारी नेमले."

"पण स्वाऱ्या तर थांबल्या ना?"

"थांबल्या, आणि त्याचे श्रेय कंपनीस द्यायला माझी हरकत नाही. परंतु महसुलाची घडी बसविण्याच्या भरात पंडितांनी गडकऱ्यांच्या वंशपरंपरागत जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखाली आणल्या; पिढ्यान्‌पिढ्या गडाच्या चाकरीवर जगलेल्या या लोकांच्या हाती शस्त्र तेवढे राहिले आणि पोटाची तजवीज मात्र गेली. 1844 साली सामानगड व भुदरगड यांचे दरवाजे बंद झाले ते यामुळे. इराकमध्ये 2003 च्या मे महिन्यात अमेरिकी अंमलदारांनी तेथील सैन्य एका हुकुमासरशी बरखास्त केले, आणि त्यातले कित्येक शिपाई व अधिकारी पुढे सशस्त्र टोळ्यांत दिसू लागले, तो प्रकार याहून फारसा निराळा नव्हे."

"दरबाराने समजूत घातली असती तर?"

"समजूत घालायला अधिकार उरावा लागतो, बाळ. गादीवर अल्पवयीन राजे, कारभारी परक्यांनी नेमलेला. मग ज्याच्या शब्दाखातर गडकरी खाली उतरावेत असा मातब्बर माणूस आणायचा कोठून? बेळगावाहून फौज आली, ऑक्टोबरात सामानगड पडला. पण कंपनीचा अधिकारी कर्नल ओव्हान्स बंडवाल्यांच्या हाती सापडून पन्हाळ्यावर कैदेत राहिला, आणि 1 डिसेंबरला पन्हाळा सर होईपर्यंत वणवा सावंतवाडीच्या मनोहर-मनसंतोष गडांपर्यंत पसरला होता. तेथून हटलेले लोक पोर्तुगीजांच्या गोव्यात शिरले. तेथे कंपनीचा हुकूम चालत नव्हता."

"म्हणजे एका दरबाराचे भांडण तीन राज्यांचे झाले!"

"झाले खरे. पुढे गडांची तटबंदी पाडली, बंडाचा खर्च संस्थानच्याच माथी मारला आणि बंदोबस्त पक्का झाला असे कंपनीने मानले. तरी 31 जुलै 1857 च्या रात्री कोल्हापुरात बंड उठले. आणि ते केले कोणा गडकऱ्याने नव्हे, येथे ठेवलेल्या कंपनीच्याच 27 व्या पलटणीने."