जुन्या पिकअपची वही

आमची पिकअप जुनी आहे. नंबर एम. एच. ४२ चा, म्हणजे बारामतीचा. निमगाव केतकीची डाळिंबं आम्ही तिच्यातूनच बाजारात नेतो.

एकदा माल भरून बारामतीला निघालो. लासुर्ण्याजवळ इंजिन तापलं. काटा वर चढला, तरी आम्ही गाडी दामटली. शेवटी ती बंदच पडली. रेडिएटरची नळी फुटून सगळं पाणी गळालं होतं. हेड गॅस्केट जळालं. शे-दोनशेच्या नळीपायी हजारोंचा खर्च बसला. माल उन्हात राहिला, तो तोटा वेगळाच.

तेव्हापासून आम्ही वही घातली. तारीख, किलोमीटर, काम आणि रुपये असे चार रकाने पाडले.

जुन्या गाडीची दुखणी ठरलेली असतात. नळ्या चिरतात. क्लच घसरतो. जादा माल भरला की पाटे तुटतात. म्हणून रोज सकाळी तेल-पाणी पाहावे. काटा वर चढला की गाडी थांबवावी. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये, वाफेने तोंड भाजते. ब्रेकचे काम तर उद्यावर टाकूच नये.

मालाची गाडी ८ वर्षांची झाली, की पासिंग दरवर्षी करावे लागते. तोही खर्च वहीत मांडावा.

वर्षाअखेर बेरीज करावी. एका बाजूला भाड्याची कमाई, दुसऱ्या बाजूला खर्च. कमाई जास्त असेल, तर गाडी ठेवावी. खर्च जास्त असेल, तर विकावी. गाडीवर माया असते खरी, पण आकडे खोटं बोलत नाहीत.

तुमच्या गाडीवर गेल्या महिन्यात किती खर्च झाला? आजच वहीत लिहा.