वेष आणि मन

विद्यार्थिमित्रहो, वार्षिक संमेलनाचा दिवस जवळ आला म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न निघतो, "मी काय घालूं?" कोणाच्या सदऱ्यास ठिगळ असतें, कोणाचा परकर थोरल्या बहिणीचा असतो. 'सारे माझ्याकडेच पाहतील' या भीतीनें कित्येकांस त्या दिवशीं शाळेंत पाऊल टाकणेंहि नकोसें होतें. ही भीति कितपत खरी, याचा आज विचार करूं.

देहरक्षण, लज्जारक्षण आणि शोभा हीं वस्त्रांचीं तीन प्रयोजनें फ्लूगेल या मानसशास्त्रज्ञानें १९३० सालच्या आपल्या ग्रंथांत सांगितलीं. त्यापूर्वीं, १८९० सालीं, विल्यम जेम्स या अमेरिकन पंडितानें असें दाखविलें होतें कीं, मनुष्य ज्यास 'मी' म्हणतो, त्यांत त्याच्या देहाबरोबर त्याचीं वस्त्रेंहि येतात. म्हणूनच आपल्या कपड्यांस कोणी हंसलें म्हणजे तें आपणांसच हंसल्यासारखें लागतें.

परंतु आपणांस वाटतें तितकें लोक आपल्याकडे पाहत नाहींत. अमेरिकेंतील गिलोविच व त्यांचे सहकारी यांनीं २००० सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. लाज वाटेल असें चित्र छापलेला सदरा घालून एकेका विद्यार्थ्यास इतरांच्या खोलींत पाठविलें. 'निम्म्यांनीं तरी चित्र पाहिलें असेल,' असा त्यांचा अंदाज पडला. प्रत्यक्षांत तें सुमारें चतुर्थांशांच्याच लक्षांत आलें होतें. आपला वेष आपल्या मनांत सतत घोळत असतो, आणि तसाच तो इतरांच्याहि मनांत असेल असें आपण धरून चालतों. पण तेहि आपापल्याच चिंतेंत असतात!

कांहीं वेळां मात्र लोक खरोखरच पाहतात, आणि पाहूनच थांबत नाहींत. आपल्या अहमदनगरांत मिस फरार यांच्या संस्थेंत अध्यापनाचें शिक्षण घेतलेल्या सावित्रीबाई फुले पुण्यास मुलींच्या शाळेंत शिकवावयास जात, तेव्हां वाटेंत लोक त्यांच्यावर चिखल व शेण फेकीत. त्या दुसरें लुगडें बरोबर नेत आणि शाळेंत पोंचल्यावर तें नेसून मुलींपुढें उभ्या राहत, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. चिखल फेकणाऱ्यांनीं आपलें रूप ठरवावें, हें त्यांनीं मान्य केलें नाहीं.

पुढें डिसेंबर १९२७ मध्यें महाड येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं दलित स्त्रियांस हाच धडा दिला. गुडघ्यापर्यंत लुगडें नेसण्याची रीत व जाड दागिने हीं अस्पृश्यतेची ओळख झालीं होतीं. तीं टाकून द्या. वस्त्र फाटकें असलें तरी चालेल, पण तें स्वच्छ असूं द्या, असा त्यांचा उपदेश होता. स्त्रियांनीं तो लगेच आचरणांत आणला. लुगडें तेंच होतें. नेसण्याची रीत मात्र आतां त्यांनीं स्वतः निवडलेली होती.

यावरून दिसेल कीं, वस्त्राचें मोल त्याच्या किंमतींत नाहीं. तें स्वच्छ असावें व तें नेसतांना मान ताठ राहावी, एवढें पुरे. पालकांनींहि कर्ज काढून थाट करण्यापेक्षां ही समज मुलांस द्यावी. आणि मित्रहो, संमेलनाच्या दिवशीं कोणी सोबती जुन्या कपड्यांमुळें दाराशींच घुटमळतांना दिसला, तर त्याच्या सदऱ्याकडे न पाहतां त्यास हांक मारा, आणि आपल्या शेजारीं जागा करून द्या.