संदर्भातील सालाचे मोल

सामाजिक शास्त्रांतील निबंधात उताऱ्यापुढे कंसात लेखकाचे नाव, साल व पृष्ठांक देण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची शैली याच पठडीतली. पुष्कळांना हा केवळ उपचार वाटतो. मला तसे वाटत नाही.

डॉ. आंबेडकरांचे 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' घ्या. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले, पण होऊ न शकलेले हे भाषण १९३६ साली पुस्तकरूपाने निघाले. गांधीजींची टीका व तिला दिलेले उत्तर १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आले. महाराष्ट्र शासनाने हा ग्रंथ १९७९ साली समग्र लेखनाच्या पहिल्या खंडात छापला, आणि आपण बहुधा तोच खंड वाचतो.

नुसते '(आंबेडकर, १९७९)' लिहिले, तर स्वातंत्र्यपूर्व काळातील वाद स्वातंत्र्योत्तर भासतो. नुसते '१९३६' लिहिले, तर पृष्ठांक जुळत नाहीत. म्हणून या शैलीत '(आंबेडकर, १९३६/१९७९)' असे लिहून पुढे पृष्ठांक देतात. पहिले साल विचाराचा काळ सांगते, दुसरे हातातील प्रत. आपले विधान वाचकाला पडताळून पाहता यावे, हाच संदर्भाचा खरा हेतू होय.