अप्पियाच्या पेठेपर्यंत



संत पौलांनी इ.स. ५७च्या सुमारास रोमकरांस पत्र लिहिले, तेव्हा त्यांचा बेत पक्का होता : गरीब बांधवांसाठी जमलेली मदत जेरुसलेमला पोहोचवायची, मग रोममार्गे स्पेनला जायचे. पण जेरुसलेममध्ये त्यांना अटक झाली. कैसरियात दोन वर्षे कैद, पुढे समुद्रात जहाज फुटले. ते रोमला आले, पण बंदिवान म्हणून.

ही बातमी कळताच रोममधील बांधव त्यांना सामोरे गेले. काही जण तर सुमारे ६५ किलोमीटरवरील अप्पियाच्या पेठेपर्यंत आले. त्यांना पाहून पौलांनी देवाचे आभार मानले, त्यांना धीर आला (प्रे. कृत्ये २८:१५). त्या बांधवांना पौलांच्या बेड्या तोडता आल्या नाहीत. त्यांनी फक्त वेळ दिला, आणि देवाने तोच उपयोगी आणला.

‘सवड मिळाली की जाऊ’ म्हणता म्हणता आपल्याकडून आजाऱ्याची भेट राहून जाते. अंत्यविधीला मात्र आपण वेळ काढतो.

उद्याचे बेत देवावर सोपवू या. आज मिस्सानंतर, कोण आले नाही ते पाहू या आणि त्याच्या दारी जाऊ या.